डोंगर एक, तोंडं अनेक

डोंगर चढायला पाय लागतात हा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. पाय लागतात ते वर जाऊन खाली येण्यापुरते. त्यानंतर तोच डोंगर तोंडाने चढावा लागतो, आणि ह्या दुसऱ्या चढाईला दम जास्त लागतो. मी स्वतः पर्वतीच्या पुढे गेलेलो नाही, आणि पर्वतीलासुद्धा पायऱ्या आहेत म्हणून गेलो. तरीही ह्या विषयावर बोलायचा मला थोडाफार अधिकार आहे, कारण गेली कित्येक वर्षं मी ऐकतो आहे. आमच्या पुतण्याचं गिर्यारोहक मित्रमंडळ महिन्यातून एकदा आमच्या गच्चीवर जमतं. पोहे आमच्याकडून, डोंगर त्यांच्याकडून.

ह्या मंडळींची मराठी वेगळी. "तसा सोपा पॅच आहे रे" ह्याचा अर्थ तिथे गेल्या वर्षी कुणीतरी पाय मोडून घेतला आहे. "थोडं एक्स्पोजर आहे" म्हणजे डाव्या पायाखाली आठशे फूट काहीच नाही. "आता दहा मिनिटं" हे वेळेचं माप नसून सांत्वनाचा प्रकार आहे. त्यांतला एक जण गुलमर्गला जाऊन स्कीइंग शिकून आला, तेव्हापासून बर्फालासुद्धा पोटजाती फुटल्या. हा भुसभुशीत, हा वरून कडक आतून पोकळ, हा सकाळी चांगला पण दुपारी दगा देणारा. आमच्या फ्रीजमध्ये एकाच जातीचा बर्फ असतो आणि तो ट्रेमधून निघत नाही, एवढंच माझं ज्ञान. "काका, तुम्ही एकदा चलाच," असं ते मला दर खेपेला म्हणतात. मी "बघू" म्हणतो. "बघू" ह्या शब्दाचा अर्थ गिर्यारोहकांखेरीज सर्व मराठी माणसांना कळतो.

पण ऐकता ऐकता एक गोष्ट माझ्या लक्षात आली. जो सगळ्यांत छान बोलतो तोच सगळ्यांत वर गेला असणार, अशी आम्हां खाली बसलेल्यांची खात्रीच होते. कोपऱ्यात एक मुलगा मुकाट्याने पोहे खात असतो. तो कधी काही बोलत नाही, फार तर लिंबू मागतो. अवघड कड्यावर पहिल्यांदा दोर घेऊन चढलेला हाच, हे मला चौथ्या बैठकीत कळलं, आणि तेही दुसऱ्याच कुणीतरी सांगताना जीभ घसरल्यामुळे. तेव्हापासून मी गिर्यारोहणाची जुनी पुस्तकं मिळतील तिथून आणून वाचायला लागलो. युरोपातली मंडळी तर हाच उद्योग दोनशे चाळीस वर्षं करीत आली आहेत.

सुरुवात माँ ब्लाँपासून करू, कारण गिर्यारोहणाचे इतिहासकारही तिथूनच करतात. आल्प्समधलं सर्वांत उंच शिखर, सुमारे ४,८०० मीटर. पायथ्याशी शामोनी नावाचं गाव. १७६० साली जिनिव्हाच्या दि सोस्यूर नावाच्या तरुण शास्त्रज्ञाने जाहीर केलं, की जो कोणी ह्या शिखराची वाट शोधून काढील त्याला बक्षीस देईन. बक्षीस लागलं की आपल्याकडे अर्ज येतात, तिकडेही आले. पण सव्वीस वर्षं शिखर काही कुणाला लागलं नाही. शेवटी ८ ऑगस्ट १७८६ रोजी संध्याकाळी दोघं जण वर पोचले. एक गावचा डॉक्टर मिशेल-गाब्रिएल पाकार, दुसरा झाक बाल्मा. हा बाल्मा डोंगरातले स्फटिक शोधून विकायचा. दोघांजवळ दोर नाही, बर्फाची कुऱ्हाड नाही, नुसत्या लांब काठ्या. डॉक्टरसाहेबांनी मात्र वायुभारमापक बरोबर नेलं होतं. वर गेल्यावर माणसाने हवेचा दाब मोजावा असं ज्याला वाटतं, तो माणूस गप्पांत मागे पडणार हे तिथेच ठरलं.

आणि तसंच झालं. बाल्मा उतरला, जिनिव्हाला गेला, बक्षीस घेऊन आला. गरीब माणूस, त्याने बक्षीस घेतलं ह्यात वावगं काही नाही. पण मग त्याला श्रोते मिळाले. पहिला श्रोता बूरी नावाचा. हा जिनिव्हाच्या कॅथीड्रलमध्ये गायकवृंदाचा प्रमुख, शिवाय चित्रकार, शिवाय लेखक. त्याने स्वतः माँ ब्लाँ चढायचे प्रयत्न केले होते आणि दर वेळी तो परत आला होता. एवढ्या पात्रतेवर कोणालाही समीक्षक होता येतं. बूरीने लगेच एक पत्र छापून वाटलं. सारांश असा, की खरा पराक्रम बाल्माचा. डॉक्टर मागे रखडला होता, बाल्मा शिखर गाठून परत खाली आला आणि त्याला घेऊन गेला.

डॉक्टरने काय करावं? त्याने सभ्य माणसं करतात ते केलं. साक्षीदारांसमोर बाल्माची सही असलेलं निवेदन छापून आणलं, की वाट डॉक्टरने ठरवली आणि तो स्वतःच्या पायांनी चढला. शिवाय आपल्या चढाईवर एक पुस्तक लिहायची त्याने घोषणा केली आणि आगाऊ वर्गणीदार मागवले. म्हणजे आपल्याकडची प्रकाशनपूर्व सवलत योजनाच ही. पुढे जे आपल्याकडे होतं तेच तिकडे झालं. पुस्तक निघालं नाही.  दरम्यान १७८७ साली दि सोस्यूर स्वतः अठरा वाटाडे आणि एक नोकर घेऊन शिखरावर जाऊन आला, आणि लोकांना बोलायला आणखी मोठं नाव मिळालं.

ह्यात एक घरगुती भागही आहे. पाकारने पुढे लग्न केलं ते बाल्माच्या बहिणीशी. म्हणजे ज्या माणसाने 'मी ह्याला ओढत वर नेला' असं गावभर सांगितलं तो आता बायकोचा भाऊ! ज्यांना ज्यांना मेहुणा आहे त्यांना मी इथे जास्त समजावून सांगायची गरज नाही. सणासुदीला जेवायला आलेल्या मेहुण्याने तोच किस्सा पुन्हा काढला असेल, तेव्हा डॉक्टरने बायकोकडे बघितलं असेल आणि आणखी थोडं चीज वाढून घेतलं असेल. हे अर्थात माझं कल्पनाचित्र. पण जगातली कित्येक सत्यं अशीच जेवणाच्या टेबलावर गिळली गेली आहेत.

पाकार १८२७ साली वारला. त्यानंतर पाच वर्षांनी, १८३२ साली, शामोनीत एक पाहुणा आला. आलेक्सांद्र द्युमा. 'थ्री मस्केटिअर्स'वाला द्युमा, पण ते पुस्तक व्हायचं होतं. त्याने सत्तर वर्षांच्या बाल्माला जेवायला बोलावलं, समोर वाइन ठेवली आणि म्हणाला, सांगा. सत्तरीचा म्हातारा, पेला भरलेला, समोर उत्तम श्रोता आणि दुसरा साक्षीदार कबरीत! अशा परिस्थितीत तुम्ही काय, मी काय, हरिश्चंद्रानेसुद्धा चार फूट वाढवले असते. बाल्माने सांगितलेल्या आणि द्युमाने लिहिलेल्या त्या हकिगतीत डॉक्टर बर्फात गारठून बसलेला आहे, आणि बाल्मा एकटा शिखरावर जाऊन, खाली गावाला टोपी हलवून दाखवून, मग त्याला आणायला परत उतरतो आहे. दोघांच्यात ओढायला दोर नव्हता ही अडचण द्युमाला जाणवली नाही. तो कादंबरीकार होता. दोर नसला तर वाक्याने ओढतात.

झालं. पुढची शंभर वर्षं जगाने द्युमाचीच प्रत प्रमाण मानली. १८८७ साली शामोनीत पुतळा उभा राहिला. त्यात बाल्मा हात उंचावून शिखर दाखवतो आहे आणि दि सोस्यूर बघतो आहे. डॉक्टर पुतळ्यात नाहीत.

आता गंमत अशी, की त्या दिवशी खालून एक माणूस दुर्बीण लावून बसला होता. फॉन गेर्सडॉर्फ नावाचा जर्मन सरदार. पर्यटनाला आलेला, हातात घड्याळ, मांडीवर वही. हा माणूस गप्पा मारणारा नव्हे, नोंदी करणारा. दोघं शिखरावर पोचले ६ वाजून २३ मिनिटांनी, निघाले ६ वाजून ५७ मिनिटांनी, असं त्याने लिहून ठेवलं. वाटेचं चित्र काढलं. दोन ठिपके वर सरकताना त्याने पाहिले, आणि दोन्ही ठिपके आपापल्या पायांनी सरकत होते. ही वही पुढे जर्मनीत पडून राहिली, आणि विसाव्या शतकात अभ्यासकांनी ती बाहेर काढली तेव्हा कुठे डॉक्टरचं नाव साफ झालं. १९८६ साली, चढाईला दोनशे वर्षं झाली तेव्हा, शामोनीत पाकारचाही पुतळा बसवला. वेगळा. एकट्याचा. त्या दोघांना एका चौथऱ्यावर बसवणं नगरपालिकेलाही धाडसाचं वाटलं असावं, असा माझा तर्क.

द्युमाला मी फारसा दोष देत नाही. तो आमच्या जातीचा. बसून ऐकणारा. पण ऐकणाऱ्यांच्या हातात काय ताकद असते ते पाहा. चढणारा चौतीस मिनिटं शिखरावर होता, आणि ऐकणाऱ्याने त्याला शंभर वर्षं खाली उतरवून ठेवला.

कधीकधी उलटही होतं. लेखक बिचारा खरं सांगतो आणि लोक ऐकायला तयार नसतात. १८९४ साली आर्थर कॉनन डॉईल दावोसला होता. बायकोला क्षय झालेला, तिच्यासाठी डोंगरातली हवा. तीनच महिन्यांपूर्वी त्याचा शेरलॉक होम्स स्वित्झर्लंडमधल्याच एका धबधब्यात पडल्याची गोष्ट छापून आलेली, त्यामुळे हात रिकामे. गावात टोबियस आणि योहान ब्रांगर हे दोघे भाऊ होते. त्यांनी नॉर्वेहून स्की नावाच्या लांबलचक लाकडी फळ्या मागवल्या होत्या. लोक हसतात म्हणून हे दोघं रात्री अंधार पडल्यावर सराव करायचे. (चांगल्या कामाची सुरुवात अंधारात करावी लागते, हा अनुभव सर्वत्र सारखा.) १८९३ साली त्यांनी ह्या फळ्यांवरून डोंगराची खिंड ओलांडून पलीकडचं आरोसा गाठलं होतं. दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये डॉईलला बरोबर घेऊन ते पुन्हा निघाले.

डॉईलने त्या सफरीवर डिसेंबर १८९४च्या 'स्ट्रँड' मासिकात लेख लिहिला. स्कीवर हिंडण्याच्या गप्पांचा तो जवळजवळ आद्यग्रंथच. आणि त्यात बढाई म्हणाल तर शून्य. पहाटे साडेचारला निघाले, साडेअकराला आरोसाला पोचले. एका उतारावर त्याच्या स्की पायाखालून निसटून पुढे गेल्या आणि जगप्रसिद्ध लेखक विजारीच्या बैठकीवरून घसरत खाली आला. ज्या शिंप्याने हे कापड कधी झिजत नाही अशी हमी दिली होती त्याच्या सिद्धान्ताचा त्या उतारावर निकाल लागला, असं तो स्वतःच सांगतो. आरोसाच्या मंडळींनी हिशोब केला होता, की हे लोक एकच्या आत काही येत नाहीत. ती मंडळी तमाशा बघायला बाहेर पडली तेव्हा हे तिघं हॉटेलात जेवण संपवत होते. हॉटेलच्या वहीत टोबियसने डॉईलच्या नावापुढे धंदा म्हणून 'खेळाडू' असं लिहिलं. डॉईलला जन्मात मिळालेल्या पदव्यांत ही त्याला किती मोलाची वाटली हे लेख वाचताना कळतं.

ब्रांगर बंधू आदल्या वर्षी जाऊन आले आहेत हे त्याने लेखात सरळ लिहिलं आहे. काही उपयोग झाला नाही. स्वित्झर्लंडमध्ये स्कीइंग आणलं शेरलॉक होम्सवाल्याने, असं आजही पुष्कळ ठिकाणी सांगतात, आणि दावोसला पाटीही त्याच्याच नावाची आहे. ज्याने अंधारात सराव केला त्याच्यापेक्षा विजार फाटलेला प्रसिद्ध माणूस सांगायला बरा पडतो.

तिसरी गोष्ट अलास्कातली, आणि हिच्यात दुर्बीण होती, वासा होता, गप्पिष्टही होता. डेनाली हा उत्तर अमेरिकेतला सर्वांत उंच डोंगर, वीस हजार तीनशे फूट. १९१७ साली सरकारने त्याला मॅकिन्ली म्हटलं, २०१५ साली डेनाली म्हटलं, २०२५ साली पुन्हा मॅकिन्ली म्हटलं. आपल्या शहरातल्या रस्त्यांच्या पाट्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना ह्याचं काही वाटणार नाही. मी आपला डेनालीच म्हणतो. १९०६ साली डॉक्टर फ्रेडरिक कुक ह्यांनी आपण तो चढलो असं जाहीर केलं आणि शिखराचा फोटोही छापला. पुढे कळलं, की फोटोतलं शिखर वीसेक मैलांवरचं पाच-साडेपाच हजार फुटांचं एक टेकाड होतं. त्या टेकाडाचं नाव आता 'खोटं शिखर' असंच पडलं आहे. ह्या निमित्ताने त्याला नाव तरी मिळालं.

तर ह्या कुकच्या गप्पा फेअरबँक्स गावातल्या एका दारूच्या गुत्त्यात चालल्या होत्या. तिथल्या सोनं खणणाऱ्या जुन्या गड्यांना 'आंबवलेलं पीठ' म्हणत, कारण पावाचं विरजण ते थंडीत गोठू नये म्हणून जिवापाड जपायचे. आपण त्यांना आंबोळीवाले म्हणू. टॉम लॉइड नावाचा वयस्क आणि वजनदार आंबोळीवाला म्हणाला, हा डोंगर आम्हीच चढू शकतो. पैज लागली. गुत्त्यात लागलेल्या पैजा सकाळी विसरायच्या असतात, हा संकेत त्या चौघांनी मोडला. ३ एप्रिल १९१० रोजी पीट अँडरसन आणि बिली टेलर ह्या दोघांनी दोर न वापरता, बरोबर डोनटची पिशवी आणि थर्मास घेऊन, एका दिवसात आठ हजार फूट चढून उत्तर शिखर गाठलं. आणि खांद्यावर स्प्रूसचा चौदा फुटी वासा! तो शिखराजवळ रोवायचा आणि खालच्या लोकांनी दुर्बिणीतून बघायचा, अशी योजना. आमच्याकडे चौदा फुटी वासा दुसऱ्या मजल्यावर न्यायचा तर दोन हमाल आणि एक भांडण लागतं.

वासा रोवला. खालून कुणालाही दिसला नाही. मग फेअरबँक्सला बातमी सांगायला गेला टॉम लॉइड, जो स्वतः शिखरावर गेलाच नव्हता. बाकीचे तिघं मागे खाणीवर कामाला लागले. लॉइडने सांगितलं, आम्ही चौघंही वर गेलो, उत्तर शिखरावरही आणि त्याहून साडेआठशे फूट उंच असलेल्या दक्षिण शिखरावरही. ही हकिगत 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये छापून आली, लोकांनी लॉइडच्या पोटाकडे पाहिलं आणि सगळीच गोष्ट थाप ठरवली. वजाबाकीत खरी रक्कमसुद्धा गेली! अँडरसन आणि टेलरने केलेलं काम त्या काळातल्या कुठल्याही चढाईच्या तोडीचं होतं, आणि स्वतःच्याच मित्राच्या मोठ्या तोंडाने ते पुसलं गेलं.

तीन वर्षांनी, जून १९१३ मध्ये, हडसन स्टक ह्या धर्मोपदेशकाची तुकडी दक्षिण शिखराकडे निघाली. वाटेत वॉल्टर हार्पर नावाचा एकवीस वर्षांच्या आतबाहेरचा मुलगा, आई अलास्कातल्या मूळ रहिवाशांपैकी, एकदम ओरडला. समोर उत्तर शिखराजवळ वासा उभा होता. मग सगळ्यांनी आळीपाळीने दुर्बिणीतून पाहिला. त्यानंतर दक्षिण शिखरावर सर्वांत आधी पाऊल टाकलं तेही ह्या हार्परनेच, आणि स्टकने तसं लिहूनही ठेवलं. धर्मोपदेशक सगळेच काही प्रवचन देत नाहीत.

आणि आता एव्हरेस्ट. २९ मे १९५३, सकाळी साडेअकरा. तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी. ते खाली उतरून काठमांडूला यायच्या आत गप्पा तिथे पोचल्या होत्या. स्वागताला जी चित्रं नाचवली जात होती त्यांत तेनसिंग शिखरावर उभा आहे आणि आडव्या पडलेल्या हिलरीला दोराने ओढून घेतो आहे. मला ते वर्णन वाचून बाल्मा आठवला. १७८६ आणि १९५३, मध्ये १६७ वर्षं, आणि चित्र तेच. फरक एवढाच, की ह्या वेळी दोर खरोखर होता.

पण दुसरा एक फरक आहे, आणि तो मला सगळ्या उंचीपेक्षा मोठा वाटतो. तेनसिंगची परिस्थिती बाल्माहून निराळी नव्हती. गरिबीतून वर आलेला, लिहिता-वाचता न येणारा, जन्मभर दुसऱ्यांची ओझी वाहिलेला. समोर लाखो माणसं एकच वाक्य ऐकायला कान टवकारून उभी. "मी पहिला" एवढे दोनच शब्द. कोणी खोडून काढले नसते, आणि खोडले असते तरी आपण विश्वास ठेवला नसता. पोवाड्यातल्या घोरपडीवर पोसलेली माणसं आपण, चढाईची गोष्ट तागडीत घालून मोजत नाही. तेनसिंग ते दोन शब्द बोलला नाही. काठमांडूत दोघांनी मिळून लेखी दिलं, की आम्ही जवळजवळ बरोबरच पोचलो. प्रश्न काही थांबेनात. तेव्हा १९५५ साली आपल्या आत्मचरित्रात त्याने सांगून टाकलं, की दोरावर हिलरी पुढे होता, तो आधी पोचला, मी पाठोपाठ. हे सांगितल्याने त्याच्या पदरात काही पडणार नव्हतं. आपल्या लोकांना ते आवडणार नाही हेही त्याला ठाऊक होतं.

शिखरावरचा फोटो मात्र तेनसिंगचा आहे. हिलरीचा एकही नाही. तेनसिंगला कॅमेरा चालवता येत नव्हता आणि ती शिकवणी घ्यायची जागा नव्हे, असं हिलरीचं म्हणणं. दोघं वर होते पंधरा मिनिटं. तेनसिंगने देवाला म्हणून बिस्किटं आणि गोड खाऊ बर्फात पुरला. हिलरीने इकडेतिकडे बघून घेतलं, की १९२४ साली पलीकडच्या बाजूने चढताना नाहीसे झालेले मॅलरी आणि अर्विन आपल्याआधी इथे येऊन गेल्याची काही खूण दिसते का. जगातल्या सर्वांत उंच जागी पहिल्यांदा उभं राहिल्यावर हा माणूस 'आधी कुणी आलं होतं का' हे तपासत होता! खूण काही दिसली नाही. मग दोघं उतरायला लागले. खाली जॉर्ज लो गरम सूपचा थर्मास घेऊन सामोरा आला. त्याला पाहिल्यावर हिलरी जे वाक्य बोलला ते कौटुंबिक पुस्तकात छापण्यासारखं नाही, पण तिथून गप्पांना सुरुवात झाली.